चौथी वायर

१

सारिका मॅडमनी मेन पेटीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"पाटील, यातल्या वायर कुठे आहेत?"

"वायर भिंतीत हायेत ना मॅडम," कौतिक पाटील म्हणाले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "मागच्या बारीले तुम्हीच सांगितलं व्हतं, बाहेर एक बी दिसली नही पाह्यजे."

"भिंतीतून निघून त्या इथे यायला हव्यात. गेटाजवळच्या मीटरच्या पेटीतून चार जाड वायर निघणार, त्या इथे पोचणार. इथे एकच आहे. बाकीच्या तीन कुठायत?"

कौतिकरावांनी पेटीत डोकं घातलं. आत खरोखरच एकुलती एक काळी वायर लोंबत होती. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो दारात उभ्या रतिलाल नानांनी उभ्या नोकरीत कोठडीतल्या माणसाकडूनही ऐकला नव्हता.

नाना धुळ्याला फौजदार म्हणून निवृत्त झालेले. कौतिकरावांची बायको कुंदाबाई ही त्यांची धाकटी बहीण. रावेरच्या रस्त्यावरच्या या गावात मेहुण्याने नवं घर बांधलं, त्याच्या वायरिंगला दाखला मिळाल्याशिवाय वीज कंपनी मीटर बसवत नव्हती, आणि या दाखल्याने चार महिने घरादाराच्या नाकी नऊ आणले होते. पहिल्या तपासणीत अर्थिंगचा खड्डा एकच निघाला, दोन हवे होते. दुसऱ्या वेळी न्हाणीतलं बटण नळाच्या फार जवळ निघालं. तिसऱ्या वेळी मीटरची पेटी वीतभर उंच निघाली. ती वीतभर खाली आणताना भिंतीचा नवा रंग गेला, आणि रंगाबरोबर कौतिकरावांचा उरलासुरला धीरही गेला. त्या दिवशी त्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं होतं, की मीटर बसेपर्यंत मळ्यातली, घरातली, गावातली कसलीही कटकट जो कोणी माझ्या कानावर घालील त्याने आपलं तोंड पुन्हा मला दाखवू नये.

त्यांचाही इलाज नव्हता. येत्या रविवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. लेक भूमिका धुळ्याला दिलेली, लग्नानंतरची तिची ही पहिलीच आखाजी. तिच्या सासूने लग्नातच जुन्या घराच्या पत्र्यांकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "ह्या तव्यावर आमची सून भाजायला पाठवायची का?" तेव्हा कौतिकराव भर मांडवात बोलून गेले होते, की पोरगी पहिल्या आखाजीला येईल ती नव्या घरात, पंख्याखाली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर आईबाप वर्षभर मान खाली घालून वावरतात. तिला आणायला मुराळी म्हणून नानाच जाणार होते.

म्हणून तर नानांनी धुळ्याहून एका ओळखीच्या साहेबांना फोन लावला होता आणि शुक्रवारची तपासणी मंगळवारवर आणली होती. सगळ्यांना एकदम खूश करावं म्हणून ही गोष्ट त्यांनी कुणालाच कळवली नव्हती. सकाळी मॅडमच्या गाडीतूनच ते उतरले होते, नवरदेवाच्या थाटात.

"मी शुक्रवारी येईन, माझ्या आधीच्या तारखेला," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर महिनाभर मी प्रशिक्षणाला आहे. शुक्रवारी चारही वायर दिसल्या नाहीत तर मग पावसाळ्यातच भेटू."

गाडी गेली. कौतिकराव ओट्यावर मटकन बसले.

"चोरी, नाना! भर गावात! आन तो चोर मले ठाऊक हाये. तो भिकन वायरमन. लावा त्याले बेड्या!"

"बेड्या सरकारजमा केल्या मी," नाना चिडून म्हणाले. चाळीस अंशाच्या पुढच्या उन्हात त्यांचंही डोकं तापलं होतं. ते गेटाजवळ गेले आणि मीटरसाठी केलेली रिकामी पेटी त्यांनी उघडली. तिथेही काळी वायर एकटीच होती. पण तिच्या शेजारी पाइपाच्या तोंडातून प्लॅस्टिकची एक पिवळी पट्टी बाहेर आली होती आणि खिळ्याला नीट गाठ मारून बांधलेली होती. नानांनी ती ओढली. तोवर उठून पुन्हा घरातल्या पेटीपाशी गेलेले कौतिकराव ओरडले, "नाना, इथं काहीतरी हाललं!"

चोराने वायर नेल्या होत्या, आणि जाता जाता पाइपात या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी ओवून ठेवली होती.

२

भिकन वायरमन आला तो भांडायच्या तयारीनेच आला.

"आधी सांगतो, साहेब. पाटलांनी गेल्या आठवड्यात मले चारचौघांत चोर म्हटलं. काहून, तं पेटी वीतभर उंच लागली. मी त्याच दिवशी घराची चावी त्यांच्या अंगावर फेकली आन गेलो. पाहिजे तं इचारा."

"फेकली," कौतिकरावांनी कबूल केलं. "कपाळावर लागली."

"मग आता चाव्या किती?" नानांनी विचारलं.

"दोन. दोन्ही माझ्या करदोड्याले." त्यांनी सदरा वर करून दाखवल्या. "आंघोळीलेबी सोडत नही मी."

नानांनी कुलूप पाहिलं. ओरखडा नव्हता. खिडक्यांचे गज शाबूत होते. पेटीचे स्क्रू काढून पुन्हा पहिल्यासारखे पिळून बसवलेले होते. नानांनी आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले, पण जाताना स्क्रू लावून जाणारा एकही पाहिला नव्हता.

"भिकन, गेल्या त्या तीन वायर कोणत्या?"

"लाल, पिवळी, निळी. काळी ठेवली."

"काळी स्वस्त असते का?"

"नही हो. चारी सारख्या. तीच जाडी, तेच तांबं. चोरानं काळीलेच काहून सोडलं देव जाणे. रंग पाहून चोरी करते का कोणी?"

"आणि ही पट्टी?"

भिकनने पट्टी बोटांत धरून पाहिली. "ही केळीची. घड भरला की झाड वाकते ना, तव्हा त्याले बांधता. गावात घरोघरी हाये." मग त्याचा आवाज उतरला. "पाइपात दोरी सोडायचं एकच कारण असते, साहेब. पुन्हा वायर ओढायची असली म्हंजे. दोरीच्या टोकाले वायर बांधा, तिकडून ओढा, झालं. नहीतं भिंत फोडा लागते."

"म्हणजे चोराला वायर परत आणून घालायच्या होत्या?"

"मी नही तसं म्हणत. पट्टी म्हणते."

कौतिकराव उसळले. "हा काय चोर हाये का जावई? नेतो बी आन आणून बी देतो! नाना, तुम्ही या भिकनच्या बोलण्यात येऊ नका. मले या घरानं येडं केलं हाये. एक दिवस मीच याले आग लावतो आन त्या उजेडात बसतो."

भिकनने हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली. फाटकापर्यंत जाऊन तो थांबला आणि नानांना हळूच म्हणाला, "माह्यापेक्षा शेजारी पाहा. पाटलाकडं मीटर बसलं तर मिशी काढीन, असं पारावर बोललेला माणूस हाये एक."

३

त्या माणसाचं नाव जीवराम. नव्या घराच्या भिंतीला भिंत आणि मळ्यात बांधाला बांध. अर्थिंगचा दुसरा खड्डा त्याच्या भिंतीला चिकटून खणला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. "तुमची वीज माझ्या पायात येईल" असं त्याचं म्हणणं होतं, आणि तीन जणांनी समजावूनही ते बदललं नव्हतं.

तो घरी नव्हता. नाना भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून, मेहुण्याच्या चार पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत मळ्यात गेले. जीवराम बोअरपाशी उकिडवा बसला होता. समोर त्याची केळी उन्हाने पानं मिटून, माना टाकून उभी होती.

"मिशीचं म्हणाल तं म्हटलं व्हतं," तो म्हणाला. "आजबी म्हणतो. पण वायरीले मी हात लावला नही, फौजदार साहेब. मीच लुटल्या गेलो हाये. हे पाहा."

मोटारीची पेटी आणि बोअर यांच्या मध्ये केबलचं एक तुटकं टोक मातीत पडलं होतं.

"केबल नेली?"

"गेल्या आठवड्यात टोळी फिरली. अख्ख्या शिवारात एकाची केबल ठेवली नही. आन दुकानात जा तं रीळ नही. सगळे एकाच दिवशी दुकानात धावले ना! जळगावहून माल येईल तव्हा येईल. तोवर हे उन्ह केळी उकडून खाईल. घड भरायचे दिवस हायेत, आता पाणी तुटलं म्हंजे वर्ष गेलं."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. नानांना वाईट वाटलं. तसं ते वाटणं त्यांना आवडलं नाही, कारण संशयिताचं वाईट वाटायला लागलं की तपास बिघडतो. पण बोअर बंद पडलेला माणूस मिशीच्या पैजेसाठी शेजाऱ्याच्या वायर चोरत बसणार नाही, आणि चोरल्याच तर पाइपात पट्टी खासच ओवणार नाही.

"कौतिकरावांची केबलसुद्धा गेली?"

"सगळ्यात आधी त्यांचीच. त्यांचा सालदार वना, तोच तं बोंबलत आला व्हता सकाळी."

"आणि कौतिकरावांना हे माहीत आहे?"

जीवराम चार दिवसांत पहिल्यांदाच हसला असावा. "त्यांले सांगायची छाती कोणाची हाये? मीटर बसेपर्यंत तोंड दाखवू नका म्हणे. वनाचं साल आखाजीले संपते. वाईट खबर घेऊन गेला आन पाटलानं पुढचं साल दुसऱ्याले देलं, मग त्यानं लेकरंबाळं घेऊन कोठी जावं?"

ही खानदेशातली रीत नानांना लहानपणापासून ठाऊक. सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीला संपतं. त्या दिवशी मालकाने 'राहा' म्हटलं तर राहायचं, नाहीतर भांडीकुंडी उचलायची. वना बारा-तेरा सालं याच मळ्यात होता.

नाना उठले आणि बांधावर चढले. डावीकडे जीवरामची बाग होती, तिच्यापलीकडे आणखी दोघांच्या, सगळ्या करपत चाललेल्या. उजवीकडे कौतिकरावांची बाग होती. ती हिरवीगार होती. पानं तजेलदार, घड टणक, आणि बुंध्याशी माती ओली.

नाना घाम पुसायचं विसरले. केबल सगळ्यात आधी चोरीला गेलेल्या या बागेला पाणी कोण पाजत होतं?

४

पण नाना तडक बागेत शिरले नाहीत. आधी ते जुन्या पत्र्याच्या घरी आले. कुंदाबाई चुलीपाशी कैऱ्या उकडत होत्या.

"भाऊ, पन्हं देऊ का?"

"दे." बहिणीशी नाना माहेरच्या अहिराणीतच बोलत. "कुंदा, नवा घरनी चावी कोनाकडे शे?"

"त्यासना करदोडाले शे ना."

"रोज?"

"मंग!"

"आन रोज सकाळी नवा घरमा दिवा कोन लावस?"

कुंदाबाईंच्या हातातली कैरी पातेल्यात परत पडली. वास्तुशांत झालेल्या घरात एक दिवसही अंधार ठेवायचा नाही, म्हणून त्या रोज सकाळी तिथे दिवा लावून येत होत्या. देवघर मागच्या खोलीत होतं. भिंतीत घुसून जायची विद्या काही त्यांना येत नव्हती.

"मीच लावस," त्या म्हणाल्या. "चावी मांगी लेस त्यासपाईन. दिवा लावस आन परत देस. तू अजून फौजदारच शे का रे भाऊ? बहीणना घरबी जबानी लेस?"

"बठ्ठा शिवारना केबल चोरी गयात, आन तुना मळा हिरवागार शे. हाई कसं, एवढं सांग."

कुंदाबाईंनी पन्ह्यात गूळ घातला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी पेला भावापुढे असा आदळला की निम्मं पन्हं जमिनीला मिळालं.

"पे. गार व्हई जाई."

गार पन्हं आणखी गार कसं होणार, हे नानांनी विचारलं नाही. बहीण लहानपणी खोटं बोलायची तेव्हाही असंच काहीतरी हातून सांडायची. ते उठले, चपला घातल्या आणि पुन्हा त्या रणरणत्या उन्हात निघाले. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्यांना सकाळचं कोवळं ऊन घ्यायला सांगितलं होतं. हे डॉक्टरांना कळवावं असं त्यांना फार वाटलं.

कौतिकरावांच्या बागेत पाय ठेवताच त्यांना घूं घूं ऐकू आलं. मोटार चालू होती. ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकत होतं. बोअरपाशी वना उभा होता. पन्नाशीचा, काटक माणूस. नानांना पाहताच त्याने मोटार बंद केली, जणू आवाज थांबला की मोटारच दिसायची बंद होईल.

पेटीपासून बोअरपर्यंत जमिनीवर केळीची वाळकी पानं अंथरलेली होती. फार व्यवस्थित अंथरलेली होती. नानांनी काठीने एक पान बाजूला सारलं. खाली लाल, पिवळी आणि निळी वायर शेजारी शेजारी निजल्या होत्या.

"साहेब, मी सांगतो—" वना म्हणाला.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. डोक्यावर टॉवेल टाकलेले, धापा टाकणारे कौतिकराव बांधावर उभे होते. चार महिन्यांत त्यांनी मळ्यात टाकलेलं हे पहिलं पाऊल होतं.

"काय नाना? सापडला का चोर?"

५

नानांनी सगळ्यांना बोअरशेजारच्या कडूलिंबाखाली बसवलं. कुंदाबाईही मागोमाग आल्या होत्या. वायर बघायला आणि आपल्यावरचा ठपका जाताना बघायला भिकनही आला. जीवराम आपल्या बांधावर पाठ करून बसला, पण कान इकडेच होते.

"कौतिकराव, आधी ऐकायचं. मधे ओरडायचं नाही."

"मी कव्हा ओरडतो?" कौतिकराव ओरडले.

"चोर तांब्यासाठी आला असता तर त्याने चारही वायर नेल्या असत्या. त्याने तीन नेल्या. चार समोर असताना नेमक्या तीनच कुणाला लागतात? भिकन, घराला चार कशाला?"

"तीन फेज आन एक न्यूट्रल. काळी न्यूट्रलची."

"आणि मळ्यातल्या मोटारीला?"

भिकनने कपाळावर हात मारला. "तीनच! मोटारीले न्यूट्रल लागतच नही. हात्तिच्या!"

"म्हणून काळी राहिली. ज्याला मोटार चालवायची होती त्याला ती नकोच होती. दुसरं, त्याने पाइपात पट्टी ओवली आणि स्क्रू परत लावले. म्हणजे घर त्याला परकं नव्हतं. वायर उसन्या नेल्या होत्या, काम झालं की परत घालायच्या होत्या. तिसरं, कुलूप फोडलेलं नाही. चावी तुमच्या करदोड्याला असते, पण सकाळी दिव्यासाठी ती कुंदाच्या हातात येते. आणि चौथं, अख्खं शिवार वाळतंय आणि तुमची एकट्याची बाग हिरवी आहे. तुमच्या वायर चोरून चोराने तुमचीच केळी भिजवली, कौतिकराव. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मग कुंदाबाईच पुढे झाल्या. नवऱ्याशी त्या इकडची बोली बोलत.

"मीच चावी देली. वना माह्यापाशी आला, अक्का, केबल गेली, दुकानात नही, तीन दिवसांत केळी जाईल म्हणे. तुम्हाले सांगायची सोय नव्हती. जळगावचा दुकानदार गुरुवारी रीळ देतो म्हणे, आन तपासणी शुक्रवारी. म्हटलं गुरुवारी वायर परत घालू, तुम्हाले पत्ता बी लागणार नही."

"पण तपासणी तं आज झाली!" कौतिकराव म्हणाले. "आज कशी काय झाली?"

कुंदाबाई भावाकडे बघायला लागल्या. भिकन बघायला लागला. वनाही बघायला लागला. आपण फोन लावला त्या क्षणापासूनचं सगळं नानांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि उन्हाने आधीच लाल झालेला त्यांचा चेहरा आणखी लाल झाला.

"ती मी अलीकडे आणली," ते म्हणाले. "तुम्हाला खूश करावं म्हणून."

"आन सांगितलं नही?"

"नाही सांगितलं."

"वा!" कौतिकराव उठून उभे राहिले. "वा रे वा! बायको सांगत नही, सालदार सांगत नही, फौजदार सांगत नही! मी या घराचा मालक हाये का पाहुणा?" त्यांचा आवाज चढत चढत शिवारभर गेला. "आरे, मले एका शब्दानं कोणी—"

"आबा," वना मधेच म्हणाला. "तुम्हीच म्हटलं व्हतं ना. तोंड दाखवू नका म्हणून. मी अंगणातच व्हतो."

कौतिकरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पोलीस खात्यात नानांनी माणसं गप्प करायचे पुष्कळ उपाय पाहिले होते, पण इतका साधा उपाय त्यांना सुचला नसता. मग कौतिकराव बागेत शिरले. एका घडाखाली उभं राहून त्यांनी तो खालून हाताने तोलला, दुसरा तोलला, बुंध्याशी वाकून माती मुठीत घेतली. बाहेर आले तेव्हा आवाज उतरला होता.

"घड चांगले भरले रे, वना."

"हो आबा. पण अजून एक सांगायचं राहिलं. दुपारी दुकानदाराचा फोन आला. रीळ गुरुवारी नही येत. आखाजीनंतर येते म्हणे."

म्हणजे वायर घरात घातल्या तर बाग वाळणार, आणि बागेत ठेवल्या तर शुक्रवारी मॅडम येऊन परत जाणार.

६

उपाय नानांनीच काढला, आणि तो फारसा पोलिसी नव्हता. शुक्रवारी मळ्यात मोटारीची थ्री फेज वीज दुपारनंतरच यायची होती. तपासणी सकाळची. मग सकाळपुरत्या वायर घरात!

"आणि नंतर?" भिकनने विचारलं.

"नंतरचं नंतर," नाना म्हणाले. तोवर भिकनने वायर पालापाचोळ्यातून काढून जुन्या नळीत ओवल्या होत्या. घरची वायर अशी उघडी जमिनीवर टाकतात का, कोणाचा पाय पडला म्हणजे, असं म्हणत त्याने वनाला आणि त्यानिमित्ताने पाटलांनाही भरपूर ऐकवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी पिवळी पट्टी ओढताच तिन्ही वायर सुरसुर करत घरात आल्या. सारिका मॅडमनी पेटी पाहिली, खड्डे पाहिले, न्हाणीतलं बटण पाहिलं. त्यांनी वायरींवरची केळीच्या मळ्यातली माती बोटाने पुसलीसुद्धा. पण मातीबद्दल नियमात काही नसावं.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दाखला आजच जाईल. उद्या मीटर बसेल. झालं ना आता समाधान, पाटील?"

कुंदाबाईंनी नव्या पंख्याकडे पाहून हात जोडले. नानांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या मते खटला निकालात निघाला होता. उद्या मीटर, परवा आखाजी, पोरगी पंख्याखाली आणि विहीणबाईंचं तोंड बंद.

कौतिकराव मात्र पेटीपुढून हलत नव्हते. घड्याळाकडे बघत होते. मळ्यात वीज यायची वेळ होत आली होती.

"मॅडम, दाखला खरा ना? आता परत तपासणी नही ना?"

"नाही. मीटर बसवताना तेवढ्या चार वायर जागेवर हव्यात."

"मग बस." ते भिकनकडे वळले. "काढ."

"काय काढू?"

"वायर काढ त्या! घड भरायचे दिवस हायेत, आन लाइट येईल आता. पट्टी बांधून ओढ, म्हंजे नंतर परत घालता येतील."

भिकन खालीच बसला. मॅडमनी ते ऐकलं, चष्मा पुसला आणि गाडीत जाऊन बसल्या. नाना मेहुण्याचा दंड धरून म्हणाले, "अहो, वेड लागलं का? चार महिने ज्याच्यासाठी रडलात ते उद्या दारात येतंय!"

"येऊ द्या आखाजीनंतर." त्यांनी मीटरवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. "कौतिक पाटील बोलतो. हो, तोच, रोज फोन करणारा. माह्यं मीटर जरा उशिरा आणा."

मग पलीकडच्या माणसाने पुन्हा नाव विचारलं.

"आन वना," फोन ठेवल्यावर कौतिकराव म्हणाले, "मोटार फुकट कोरडी चालवू नको. आपलं भिजलं का जीवरामलेबी एक नळी दे. त्याची केळी मरायले लागली."

नाना शनिवारी धुळ्याला मुराळी म्हणून गेले आणि भाचीला घेऊन आले. वाटेत पाच-सहा वेळा त्यांनी पंख्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी पारोळ्याच्या पुढे रसवंतीवर थांबले तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. या घरात आता काही दडवायचं नाही, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. भूमिका इतकी हसली की रस तिच्या नाकात गेला.

आखाजीच्या सकाळी नवं घर कुलपात होतं. लिंबाच्या फांदीला झोका बांधला होता, खाली ठिबकची ओल होती, आणि गावातल्या चार माहेरवाशिणी तिथेच जमल्या होत्या, कारण अख्ख्या शिवारात गारवा तेवढाच होता. कौतिकरावांनी वनाला सगळ्यांसमोर "राहा" म्हटलं. मग ते लेकीपुढे येऊन उभे राहिले. भर मांडवात दिलेला शब्द मोडलेला माणूस जसा उभा राहतो तसे.

"पोरी, पंखा नही चालू करू शकलो. तुही सासू काय म्हणेल ते म्हणू दे. मी जाईन आन ऐकून घेईन."

"आबा, सासूबाईंचं राहू द्या." भूमिकेने झोका पायाने थांबवला. "मला तुम्हाला एक सांगायचंय. दोन महिने सांगतेय. फोन केला की तुम्ही मीटरचं सुरू करता, आणि काही बोलायला गेलं की म्हणता, आता नको, मीटर बसू दे."

"मग सांग ना आता."

"तुम्ही आजोबा होणार आहात."

कौतिकरावांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना ठाऊक होतं. वना वर लिंबाकडे बघायला लागला. त्यालाही ठाऊक होतं. नानांनी काल रसवंतीवर ऐकलं होतं, ते चपलेची पट्टी नीट करायला वाकले. बांधापलीकडे जीवरामसुद्धा पाठ फिरवून नळी सारखी करू लागला.

कौतिकरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी त्यांचा आवाज सवयीने टिपेला पोचला.

"आन हे मले आजपर्यंत कोणीच काहून सांगितलं नही?"

भूमिका झोक्यावर सरकून बसली आणि तिने बापाला शेजारी जागा करून दिली.